ऋषीच्या भाजीची गच्ची

अगं, पावसाळ्यात झाडाला पाणी घालायचं काम नसतं, आलेलं पाणी वाटेला लावायचं काम असतं. एवढं लक्षात ठेवलंस की गच्चीवरचं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे वारा. पाणी कुंडीतून खाली उतरलं पाहिजे आणि वारा पानांमधून आरपार गेला पाहिजे. माझ्या सासूबाई वाड्याच्या परसात हातात काठी घेऊन फिरायच्या, त्या हेच दोन्ही बघत. कुठे डबकं दिसलं की काठीच्या टोकाने चर काढायचा, कुठे पानं दाटली की खालची पानं खुडायची. वाडा गेला, परस गेलं, इमारत उभी राहिली, पण जोगेश्वरीच्या या बोळातला पाऊस तोच आहे. यंदापासून गच्ची तुझ्याकडे, म्हणून सगळं लिहून ठेवते आहे. सांगितलेलं विसरायला होतं.

आपल्याकडचा पाऊस आधी समजून घे. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरला त्याच्या सातपटीहून जास्त. डोंगर पाऊस अडवतो आणि आपण डोंगराच्या मागे राहतो. तेव्हा पाण्याच्या माऱ्याने झाडं जातात असं पेठेत फार होत नाही. झाडं जातात ती रेंगाळलेल्या ओलीने. आषाढात आठ-आठ दिवस झिमझिम असते, ऊन दिसत नाही, आणि पेठेतल्या उंच इमारतींमध्ये अडकलेली हवा हलत नाही. अशा दिवसांत पानावरचं पाणी दुपारपर्यंत वाळत नाही, आणि बुरशीला तेवढंच हवं असतं.

म्हणून मृग लागायच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, सगळ्या कुंड्या आणि ड्रम विटांवर चढवून घे. दोन विटा आडव्या, मध्ये फट. कुंडी फरशीला टेकलेली असली की भोक असून नसल्यासारखंच. भोकात सळई घालून बघ, वर्षभरात मातीचा गाळ बसून ते बुजलेलं असतं. आत खापरीचा तुकडा पालथा ठेव, म्हणजे पाणी जाईल आणि माती राहील. मातीत या दिवसांत कोकोपीथ कमी आणि विटांचा चुरा जास्त. उन्हाळ्यात ओल धरून ठेवणारी गोष्ट पावसाळ्यात मुळं कुजवते. बाहेरगावाहून कुणी प्रेमाने काळी माती आणून दिली तर ती एकटी वापरू नकोस. शेतात ती सोनं आहे, कुंडीत मात्र ओली झाली की लोण्यासारखी बसते आणि वाळली की चिरते. पालापाचोळ्याचं खत तिच्या बरोबरीने मिसळ.

आणखी एक, ते मात्र पक्कं कर. एक घनफूट ओल्या मातीचं वजन पन्नास किलोच्या आसपास भरतं. मोठा ड्रम काठोकाठ मातीने भरलास तर पावसात तो अनेक माणसांच्या वजनाचा होतो, आणि खाली लोक राहतात. ड्रमचा खालचा अर्धा भाग वाळका पाला, नारळाच्या शेंड्या, उसाची चिपाडं यांनी भर, माती वरच्या अर्ध्यात. जड ड्रम भिंतीच्या कडेने आणि तुळईच्या रेषेवर ठेव, स्लॅबच्या मधोमध कधीच नको.

आता लावायचं काय आणि कधी? याचं उत्तर मी नेहमी ऋषिपंचमीपासून मागे मोजत काढते. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हाताने लावलेलं आणि हाताने तोडलेलंच खायचं, अशी आपली रीत. मंडईत त्या दिवशी ऋषीच्या भाजीचे वाटे मांडून विकतात, पण ती भाजी कुठल्या शेतात कशी आली हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आपल्या गच्चीवर बैल येत नाही, तेव्हा शंका राहत नाही. शिवाय त्या भाजीत जे जे पडतं ते सगळं पावसाळ्याचंच. अळू, लाल माठ, भेंडी, दोडका, पडवळ, घोसाळं, लाल भोपळा, मका, अंबाडी. ज्या बाईने ही रीत घातली तिला पावसाळी बाग चांगली कळत असणार, असं मला नेहमी वाटतं.

पंचांग आधी उघड, कारण तारीख दरवर्षी सरकते. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ येतो, त्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि ऋषिपंचमी १५ ला. अडीच आठवड्यांचा फरक पडतो आणि वेलाच्या हिशेबात तो मोठा असतो. १५ सप्टेंबर धरून सांगते. लाल भोपळ्याला तयार व्हायला तीन महिने आणि वर थोडे दिवस लागतात, म्हणून त्याचं बी मृग लागायची वाट न बघता जूनच्या सुरुवातीलाच टाक. गच्चीवर एक वेल पुरे, तो सगळीकडे धावतो. अळूचे कांदे त्याच सुमारास. पडवळाला दोन महिन्यांहून थोडं जास्त लागतं, दोडक्या-घोसाळ्याला दोन महिन्यांच्या आत-बाहेर, म्हणून जूनचा शेवट ते जुलैचा पहिला आठवडा, म्हणजे आर्द्रा नक्षत्रात. मकाही तेव्हाच. मका एकटादुकटा लावू नकोस, त्याचं परागण वाऱ्यावर होतं. आठ-दहा ताटं चौकोनात जवळजवळ असली तरच कणसात दाणे भरतात. भेंडीला पंचेचाळीस-पन्नास दिवस पुरतात, ती जुलैच्या मध्यावर दुसऱ्यांदा टाक, म्हणजे पहिल्या पेरणीची म्हातारी होईपर्यंत दुसरी हाताशी येते. अंबाडी ऑगस्टच्या सुरुवातीला. लाल माठ सगळ्यात शेवटी, ऑगस्टच्या मध्यावर. महिन्याभरात तो खुडायला येतो.

भेंडीचं बी घेताना ‘परभणी क्रांती’ माग. भेंडीवर केवडा पडतो, पानांच्या शिरा पिवळ्या होतात, फळ आखूड आणि टणक येतं. हा रोग पांढरी माशी पसरवते, एकदा आला की औषध नाही, झाड उपटून टाकावं लागतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला हा वाण त्या केवड्याला फारशी दाद देत नाही. काकडीत मला राहुरीची ‘हिमांगी’ आवडते, पांढरट, कोवळी, कोशिंबिरीला सुरेख. संकरित बी लावलंस तरी हरकत नाही, फक्त त्याचं बी पुढच्या वर्षी धरू नकोस.

कोथिंबीर, मेथी, पालक यांच्या मागे आषाढात लागू नकोस. ती झिमझिमीत कुजतात. त्याऐवजी मायाळू लाव, तो पावसात नुसता फोफावतो, कमी उजेडातही चालतो आणि त्याची भजी मुलं आवडीने खातात. जिन्याच्या सावलीतल्या कुंड्यांना अळू, पुदिना, पानओवा, गवती चहा. उन्हाची जागा फळवेलांना. मिरची कठड्याच्या आत, वाऱ्याच्या आड. वांग्याची घाई करू नकोस. चातुर्मासात आपल्या घरात वांगं चढत नाही, चंपाषष्ठीला भरीत होतं. रोपं श्रावणात लावलीस की ती वेळ बरोबर साधते.

वेलांचा मांडव पाऊस सुरू व्हायच्या आधी. सुतळी पावसात कुजते आणि वेल फळांनी भरला की नेमकी तुटते. नायलॉनची दोरी आण, नाहीतर बांबू. आषाढातला वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा त्या बाजूचे खांब जास्त पक्के. वेल दोरीला बांधताना आठाच्या आकड्यासारखी सैल गाठ घाल, कापडाच्या चिंधीने. मांडव डोक्याच्या उंचीचा कर आणि वेल मांडवावर पोहोचेपर्यंत खालचे बगलफुटवे काढून टाक. खाली मोकळं राहिलं की वारा फिरतो.

आता जरा बारकाईचं सांगते, कारण इथेच लोकांची निराशा होते. वेलाला भरपूर फुलं येतात, बोटाएवढी फळं धरतात आणि पिवळी पडून गळतात. मग लोक खत घालत सुटतात. बहुतेक वेळा खताचा संबंध नसतो, परागण झालेलं नसतं. पावसात मधमाश्या फिरत नाहीत, आणि पेठेत त्या आधीच कमी. म्हणून ते काम आपल्या हाताने करायचं. फूल उलटं करून बघ. मागे इवलंसं फळ असलं तर ती मादी. नुसत्या बारीक देठावर असलं तर नर. नर फुलं आधी येतात, आठ-दहा दिवसांनी मादी येते, तेव्हा सुरुवातीला नुसती नरच दिसली तरी काळजी करू नकोस. नर फूल खुड, त्याच्या पाकळ्या अलगद मागे ओढ, मधल्या पिवळ्या परागांचा भाग मादीच्या मधोमध हलकेच फिरव. पराग बोटाला पिठासारखे लागले पाहिजेत. ओले झाले असतील तर ते फूल सोड, पाण्याने पराग फुटतात. दुसरं कोरडं शोध.

आणि वेळ सांभाळ. काकडी, कारलं, घोसाळं, भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात, त्यांचं काम नऊ-दहाच्या आत. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, पडवळाचं अंधार पडता पडता, दुधीचं पांढरं फूलही संध्याकाळचंच. म्हणून सकाळी वर जाऊन दोडक्याचं मिटलेलं फूल पाहिलंस तर वेल आजारी आहे असं समजू नकोस. दिवेलागणीच्या सुमारास जा. रात्री पाऊस येणार असं वाटलं तर हात लावलेल्या मादी फुलावर कागदाची छोटी टोपी घाल, सकाळी काढ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मागचं फळ हिरवं गडद झालं की समज, धरलं.

धरलेल्या फळावर मग फळमाशी येते. ती कोवळ्या सालीत अंडी घालते, बाहेर सुईएवढा डाग दिसतो, चिकासारखा थेंब, आणि आत अळ्या होतात. फळ दोन-तीन इंचांचं झालं की त्याला जुन्या मलमलीच्या कापडाची पिशवी घाल, तोंड सैल बांध. वर्तमानपत्र पावसात लगदा होतं, ते नको. किडकं फळ वेलाखाली कधी टाकू नकोस आणि कंपोस्टमध्येही नको. त्यातल्या अळ्या मातीत उतरतात, कोष करतात, आणि पंधरवड्यात नवी पिढी. किडकी फळं साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेव, मग टाक. गंधसापळा बाजारात मिळतो, वेलभाज्यांसाठीचा माग, आंब्याच्या माशीचा वेगळा असतो.

गोगलगायी रात्री येतात. संध्याकाळी ओलं गोणपाट कुंड्यांमध्ये पसरून ठेव, सकाळी उलट, खाली सगळ्या जमलेल्या असतात. चिमट्याने उचल आणि मिठाच्या पाण्यात टाक. मीठ मातीवर टाकू नकोस, गोगलगायीबरोबर झाडही जातं. माव्यासाठी लिंबोळीचा अर्क. पन्नास ग्रॅम लिंबोळीची भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजव, सकाळी फडक्याने गाळ, चिमूटभर साबण घालून फवार. पाऊस चालू असताना फवारू नकोस, सगळं वाहून जातं. उघडीप मिळाली की संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने. कीड तिथेच असते, वरून दिसत नाही.

पिवळं पान दिसलं की दोन गोष्टी बघ. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील आणि शेंडा हिरवा असेल, तर पावसाने नत्र वाहून गेलं आहे. त्याला दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत, थोडंथोडं. एकदम घातलेलं पुढच्या सरीबरोबर खाली जातं. पण झाड अख्खंच मलूल असेल आणि बोट मातीत दोन पेरं घातल्यावर चिखल लागत असेल, तर मुळं गुदमरली आहेत. अशा झाडाला पाणी घालणं म्हणजे त्याचा शेवट करणं. कुंडी आडोशाला घे, तिरपी ठेव, माती वरवर उकर, खत अजिबात देऊ नकोस. कुठल्याही झाडाच्या बुंध्याला पाला चिकटवून ठेवायचा नाही, चार बोटं जागा मोकळी ठेवायची.

अळूचं वेगळं. त्याला पाणी हवंच. वाड्यात ते मोरीच्या पाण्यावर वाढायचं, मोठमोठी पानं, त्याला कुणी कधी खत घातलं नाही. गच्चीवर त्याला बिनभोकाची जुनी बादली दिलीस तरी ते खूश. वडीसाठी काळ्या देठाचं लाव, भाजीसाठी हिरव्या देठाचं. चिंच घातल्याशिवाय चुलीवर चढवू नकोस, घसा खाजतो.

पण बिनभोकाच्या बादलीत पाणी उघडं ठेवू नकोस, मातीच्या वर दिसता कामा नये. डेंगीचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून कुंड्यांखालच्या ताटल्या जूनमध्येच काढून माळ्यावर ठेव. रिकामे डबे, फुटका मग, ताडपत्रीच्या खळग्यातलं पाणी, दर रविवारी सगळं पालथं. पेठेत घराला घर लागून आहे, आपल्या गच्चीवरचा डास शेजाऱ्याच्या पाळण्यापर्यंत जातो. त्याच फेरीत गच्चीच्या पाइपचं तोंड बघ. जाळी लाव आणि जाळीवरचा पाला हाताने काढ. एका रात्रीत जाळी तुंबली तर सकाळी गच्चीत घोट्याएवढं पाणी असतं आणि ते खालच्यांच्या छतातून झिरपतं.

कंपोस्टचा ड्रम पावसाळ्यात झाकलेला पाहिजे. ओला कचरा टाकला की त्याच्या दुप्पट वाळका पाला. त्यासाठी पाला फाल्गुन-चैत्रातच गोळा करून पोत्यात भरून ठेवायचा, आषाढात शोधायला गेलीस तर कोरडं पान मिळत नाही. गणपतीचे दिवस आले की घरोघरचं निर्माल्य मिळतं. झेंडू, शेवंती, दूर्वा सगळं घे, फक्त दोरे, प्लास्टिक आणि जरीचे तुकडे आधी वेगळे कर. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मागितल्याशिवाय देणार नाहीत, मागायला लाजू नकोस.

घोळ आणि आंबुटी आपोआप उगवतात. तण म्हणून फेकू नकोस, दोन्हींची भाजी होते. घोळ डाळ घालून.

भाजी काढायची ती दुपारी, पानं कोरडी असताना. ओल्या झाडाला हात लावला की एका पानावरचा रोग दुसऱ्यावर जातो. भेंडी दिवसाआड काढ, राहिली की जून होते आणि झाड नवी फळं धरायचं थांबवतं. ऋषिपंचमीची भाजी मात्र त्याच सकाळी. आदल्या दिवशी गच्चीवर जाऊन काय काय तयार आहे ते बघून ठेव, कारण चतुर्थीला घरात इतकी गडबड असते की सकाळी सुचत नाही.

त्यानंतरचा पाऊस वेगळा असतो. उत्तरा आणि हस्त, दुपारनंतर ढग, संध्याकाळी गडगडाट आणि तासाभरात गच्ची भरून वाहते. २०१९ मध्ये २५ सप्टेंबरच्या रात्री असाच पाऊस झाला आणि आंबिल ओढ्याला पूर आला. त्या दिवसांत टोमॅटो, फ्लॉवर, कोबीची रोपं उघड्यावर ठेवू नकोस. ऑगस्टच्या शेवटी ट्रेमध्ये बी टाक, पत्र्याखाली वाढव आणि हस्त सरल्यावर मोठ्या कुंडीत लाव. टोमॅटो आधी लावलास तर करपा येतो, पानं काळी पडतात.

दोडक्याच्या वेलावर एक चांगलं फळ, मधल्या गाठीवरचं, काढायचं नाही. त्याला चिंधी बांधून ठेव म्हणजे कुणी तोडणार नाही. ते वेलावरच वाळू दे, हलवलं की आत बी खुळखुळलं पाहिजे. भेंडीच्या दोन शेंगाही तशाच. बी काढून सावलीत आठवडाभर वाळव, चुलीची किंवा उदबत्तीची कोरडी राख लावून काचेच्या बरणीत भर, वर वर्ष लिहून चिठ्ठी. माझ्या बरण्या देवघराखालच्या कपाटात डाव्या बाजूला आहेत. त्यात पडवळाची बरणी अर्धी आहे, ती यंदा आधी संपव, जुनं बी उगवायला कुरकुरतं. पेरायच्या आदल्या रात्री ते कोमट पाण्यात भिजव, टोक जरासं खरवडून.